सोळा पानांचे काकाजी

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे चार प्राध्यापक होते. त्यांतले एक विलायतेत शिकून आले होते आणि दुसरे तसं शिकून आल्यासारखे वागत. पण जाडजूड इंग्रजी पुस्तकाला तसूभरही न भिणारा माणूस त्या अख्ख्या इमारतीत, मी तर म्हणतो अख्ख्या नागपुरात, एकच होता, आणि त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते आमच्या ग्रंथालयाचे दप्तरी. दप्तरी म्हणजे फाटकी पुस्तकं शिवणारा, त्यांना नवे पुठ्ठे चढवणारा माणूस. सगळं कॉलेज त्यांना काकाजी म्हणायचं. तसे नागपुरात गल्लोगल्ली काकाजी असतात. पण आमच्याकडे काकाजी म्हटलं की ग्रंथालयामागचा टिनाचा व्हरांडा, मोरचूद घातलेल्या खळीचा वास आणि ओठांत दोऱ्याचं टोक धरून बसलेला एक काटकुळा माणूस, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. इंग्रजी मला कोणी शिकवली असं विचारलं तर मी प्राध्यापकांची नावं सांगतो, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. पण इंग्रजी वाचायला कोणी शिकवलं असं विचाराल, तर ते या काकाजींनी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही त्यांनीच शिकवलं.

मी उमरेडचा. घरी हातमाग. वडिलांना सही करता यायची, पण ती करताना ते श्वास रोखून धरत आणि सही झाली की घाम पुसत. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट; हे मी कुठेही, कोणापुढेही सांगतो. आणि पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झालो होतो, तेही सांगतो. बाकीच्या विषयांत मी बरा होतो, कारण ते घोकता येत. इंग्रजीला एक अख्खी कादंबरी लावलेली होती आणि शिवाय कधी न पाहिलेला उतारा वाचून उत्तरं लिहायची असत. न पाहिलेलं घोकायचं कसं, हा माझ्यापुढचा प्रश्न. वडील रागावले नाहीत. आणखी एक वर्ष बघ म्हणाले, नाहीतर कोपऱ्यातला माग रिकामाच आहे. रागावले असते तर बरं झालं असतं.

ती कादंबरी परत करायला म्हणून मी ग्रंथालयात गेलो. हातातून पडून तिची पाठ उसवली होती, म्हणून ग्रंथपालांनी मला मागच्या व्हरांड्यात पिटाळलं. काकाजींनी पुस्तक घेतलं, उघडलं नाही. मिटलेलंच उजेडात आडवं धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अकराव्या पानावर थांबला तू."

मी चरकलो. खरोखरच अकराव्या पानावर थांबलो होतो. वर्षभरात त्या पानावर मी इतक्या वेळा पोचलो आणि इतक्या वेळा तिथेच बसलो की तिथे माझं घर झालं होतं. पुढे मला कळलं की त्यात जादू काही नव्हती. वाचलेल्या पानांच्या कडा मळतात, न वाचलेल्या पांढऱ्या राहतात, आणि जिथे माणूस अडतो तिथे पुस्तकाच्या पाठीला घडी पडते. काकाजी पुस्तकाची कड अशी वाचायचे जशी वैद्याने नाडी वाचावी. "हे बघ, इथलोक पोरं आली. इथं निम्मी मेली. हा एक हुशार होता, पन त्यालेबी साठाव्या पानावर झोप आली." पस्तीस-चाळीस पुस्तकांचं असं शवविच्छेदन मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि एकदाही त्यांचं निदान चुकलेलं पाहिलं नाही.

या विद्येपुढे प्राध्यापकही सुटत नसत. ते विलायतेचे सर एकदा एका टीकाग्रंथाची फार तारीफ करत व्हरांड्यात आले. आपण हा तीनदा वाचला, याला चांगलं कातडी आवरण घालून द्या, असं त्यांनी सांगितलं. काकाजींनी पुस्तक हातात घेतलं. जुन्या विलायती पुस्तकांच्या पानांच्या घड्या वाचणाऱ्यानेच चाकूने कापायच्या असत. आणि या पुस्तकाच्या घड्या पंचविसाव्या पानापुढे अगदी कोऱ्या, बंद. काकाजींनी वर पाहिलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, "सर, चाकू देऊ का?" सर त्यानंतर पुष्कळ दिवस आपली पुस्तकं शिपायाच्या हाती पाठवत होते.

तर मला त्यांनी विचारलं, काहून थांबला गा? मी खरं ते सांगितलं. पुस्तक हातात घेतलं की त्याचं वजनच छातीवर येतं. प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहतो आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. शिवाय पानं किती उरलीत हे सारखं मोजत बसतो. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत पातं काढून कॉलेजच्या शिक्क्याचं ते पुस्तक पाठीतून उभं कापलं. मी ओरडलोच. त्यांनी शांतपणे जुने दोरे ओढून काढले, वाळलेली खळ खरवडली आणि पुस्तकाचे बावीस तुकडे माझ्यासमोर ओळीने मांडले. छापखान्यात मोठा कागद दुमडून सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि कितीही जाड पुस्तक असलं तरी ते असल्या फर्म्यांचीच चवड असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिला फर्मा माझ्या हातात दिला. हळदीकुंकवाच्या पत्रिकेएवढा त्याचा भार. "हे तं जाड नाई ना?" ते म्हणाले. "हे वाचून आन. मंग दुसरं देतो. वाचलेलं शिवत जाईन मी."

म्हणजे मी वाचत जाणार आणि पुस्तक बनत जाणार. इतकी साधी युक्ती, पण मला त्या क्षणी पर्वत हलवल्यासारखं वाटलं. ग्रंथपालांच्या रजिस्टरात त्या पुस्तकापुढे 'दुरुस्तीत' असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त दुरुस्ती पुस्तकाची नव्हती, माझी होती.

अट मात्र एकच होती, आणि ती त्यांनी फार संकोचाने सांगितली, जणू स्वतःसाठी काही मागणं त्यांना जमत नव्हतं. अशी पोरं त्यांनी आधीही वाचती केली होती. फर्मा परत आणला की त्यात काय आहे ते आपल्या भाषेत सांगायचं आणि मग पुढचा न्यायचा, असा त्यांचा शिरस्ता. पण परीक्षा आली की पोरं जायची, ती परत यायची नाहीत. पास झालेली येत नसत आणि नापास झालेली तर येतच नसत. "मले चाळीस पुस्तकांची सुरुवात मालूम हाय," काकाजी म्हणाले. "शेवट एकाचाबी नाई. तू पास व्हाय, नाईतं नको होऊ, पन हे पुस्तक मले शेवटलोक ऐकव." मी लगेच हो म्हटलं. नापास पोराला हो म्हणायला काय लागतं?

मग सुरू झाली ती तालीम. काकाजींचे नियम आधी मला वेडगळ वाटले. फर्मा हातात देण्याआधी ते माझे हात पाहायचे, साबण लावून नळावर धुवायला लावायचे आणि वाचताना ओळीवर बोट फिरवलेलं आढळलं तर फर्मा काढून घ्यायचे. कारण काय, तर घामाने शाई पुसट होते. पण बोट सुटलं तसे माझे डोळे बोटाच्या चालीने चालायचे थांबले आणि आपल्या चालीने चालू लागले. दुसरा नियम, पुटपुटायचं नाही. पुटपुटणाऱ्याची थुंकी पानावर उडते. त्यासाठी त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याचा बोटभर तुकडा मला ओठांत धरायला दिला. शिवताना ते स्वतः धरत तसा. पहिले दोन दिवस मला गुदमरल्यासारखं झालं. आठव्या दिवशी लक्षात आलं की जे पान वाचायला मला पाऊण तास लागायचा ते वीस मिनिटांत झालं. पुढे मोठमोठ्या सरकारी शिबिरांत भराभर वाचायच्या पद्धती मी ऐकल्या. त्यांत नवीन मला काही सापडलं नाही. काकाजींनी त्या सगळ्या पुस्तकाच्या तब्येतीसाठी शोधून ठेवल्या होत्या. वाचणाऱ्याचं भलं झालं ते जाता जाता.

सगळ्यात जाच होता तो डिक्शनरीचा. माझी डिक्शनरी त्यांनी पहिल्याच दिवशी जप्त करून शिकंज्यात, म्हणजे पुस्तकं दाबायच्या लाकडी यंत्रात, ठेवून आवळून टाकली. त्यांचं म्हणणं, दुरुस्तीला सगळ्यांत जास्त डिक्शनऱ्या येतात आणि त्या झिजवणारी पोरं काही पास होत नाहीत, म्हणजे दोष कुठे आहे ते उघड आहे. सीताबर्डीवरून आणलेलं गाइड मी भीत भीत दाखवलं, तेव्हा त्यांनी ते उलटं धरून झटकलं आणि पाठीत दोरा नाही, नुसत्या टाचण्या आहेत असं दाखवून बाजूला ठेवलं. पाठीत दोरा नाही त्याच्यावर भरवसा नाही. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची तर बातच नको, पुस्तकावर रेघ मारणाऱ्याला ते चोरांत मोजत. त्याऐवजी त्यांनी मला कापलेल्या दोऱ्यांचे तुकडे मूठभर दिले. शब्द अडला की थांबायचं नाही, त्या ओळीवर तुकडा ठेवून पुढे जायचं. फर्मा संपला की पुन्हा पहिल्यापासून वाचायचा आणि आता कळलेल्या शब्दांवरचे तुकडे उचलायचे. मग उरतील त्यांतले फक्त तीन शब्द शिकंजा सैल करून डिक्शनरीत पाहायचे. तीनच. चौथा मागितला तर म्हणायचे, दुसऱ्या फर्म्यात भेटेल तो, जाते कुठं?

पहिला फर्मा मी परत नेला तेव्हा त्यातून चहूबाजूंनी दोरे लोंबत होते. काकाजींनी तो चिमटीत धरून सभोवार फिरवला. "हे पुस्तक हाय का अस्वल?" त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या वाचनात निम्मे दोरे आपोआप गळाले. एक शब्द मला चार ठिकाणी अडला होता आणि चौथ्या ठिकाणी तो आपण होऊन बोलला, मी वल्हं आहे म्हणून. कोणी न सांगता कळलेला तो माझा पहिला इंग्रजी शब्द. मी व्हरांड्यात धावत जाऊन तो काकाजींना सांगितला. त्यांनी शिवण न थांबवता मान डोलावली, आणि त्या दिवशीच्या चहात त्यांनी मला अर्धा कप दिला.

इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती, नाही असं नाही. पण ती त्यांनी फर्म्यांवरून शिकली होती. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापखानेवाले एक बारीक अक्षर घालतात, शिवणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. आणि विलायती छापखान्यांच्या जुन्या चालीप्रमाणे त्यात तीन अक्षरं गाळलेली असतात. त्यामुळे काकाजींच्या बाराखडीत एकूण तेवीसच अक्षरं. मी एकदा त्यांच्यापुढे ती सव्वीस म्हणून दाखवली, तर 'आय'च्या नंतर त्यांनी मला अडवलं आणि हे जास्तीचं कुठून आणलं म्हणून विचारलं. मी शपथेवर सांगितलं की ते आहे, शाळेत शिकवतात. त्यांनी मला हजार पुस्तकं शिवल्याची साक्ष काढली. शेवटी शाळेत पोरांना गुंतवून ठेवायला म्हणून घुसडलं असेल, अशी माझी समजूत घातली. आणि त्या तेवीस अक्षरांच्या भांडवलावर हा माणूस चाळीस इंग्रजी पुस्तकं अर्ध्यापर्यंत तोंडपाठ सांगत होता.

कारण कथा त्यांना मुखोद्गत होत्या, पोरांनी सांगितलेल्या. आमच्या कादंबरीत एक म्हातारा नावाडी होता. इंग्लंडातल्या कुठल्याशा नदीवर त्याची नाव. नदीवर पूल बांधायला घेतात आणि एकेक खांब उभा राहत जातो तसा त्याचा धंदा बसत जातो, अशी ती गोष्ट. मी फर्मा सांगायला लागलो की काकाजी सुई चालवत ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, त्या दिवशी नावेत कोण कोण होतं? कंत्राटदारानं टोपी काढली का डोक्यावरच ठेवली? मी कुठे पानं चाळून पुढे गेलो असलो तर नेमका प्रश्न तिथलाच यायचा. दहा-बारा वर्षांत कितीतरी पोरांनी त्यांना ती अर्धी गोष्ट सांगितली होती. मी थाप मारली तर ते थाप म्हणत नसत. फर्मा परत माझ्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "हात धुऊन ये." एवढंच. त्या तीन शब्दांची मला जितकी दहशत होती तितकी चारही प्राध्यापकांची मिळून नव्हती.

दिवाळीनंतरची गोष्ट. बारावा की तेरावा फर्मा चालू होता. नावाड्याची बायको रुसून भावाकडे निघून गेली, असं मी सांगितलं. काकाजींनी मान हलवली. ती मेली. मी म्हटलं, नाही काकाजी, भावाकडे गेली, पत्रही पाठवलं तिनं. ते म्हणाले, तीन पोरांनी सांगितलं की मेली, त्यांतला एक तर आता वकील आहे. आणि फर्मा माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी ते तीन शब्द उच्चारले.

मी उठलो नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्यासारखं पोर वकिलापुढे, तीन पोरांपुढे, आणि काकाजींपुढे तर कधीच, उभं राहणारं नव्हतं. पण ते मी वाचलेलं होतं. कोणी शिकवलेलं नव्हतं, गाइडात नव्हतं, कोणी सांगितलेलं नव्हतं. मी दोनदा वाचलं होतं आणि त्या पानावर एकही दोरा उरला नव्हता. मी म्हटलं, "माहे हात धुतलेलेच आहेत, काकाजी. ती जिवंत आहे."

नेमके विलायतेचे सर तिथून चालले होते. काकाजींनी त्यांना हाक मारली आणि फर्मा पुढे केला. सरांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि मुलगा बरोबर सांगतो आहे म्हणाले. बायको पुढच्या भागात फारशी येतच नाही, म्हणून आधीच्या पोरांनी ती मेली असं गृहीत धरलं असणार आणि एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगितलं असणार. सर निघून गेले. काकाजी बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले, दोरा आधीच ओवलेला होता तरी. मग म्हणाले, "बारा वर्सं मी तिचं सुतक धरून राहिलो, गा." आणि ज्या नजरेनं ते चांगल्या शिवलेल्या पुस्तकाकडे पाहत, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदवीदानाचा झगा मी पुढे अंगावर घातला, पण मोठा झालो तो त्या दिवशी, टिनाच्या व्हरांड्यात.

परीक्षेला मी ओठांत दोरा धरूनच बसलो. न पाहिलेला उतारा आला, कुठल्याशा डोंगरातल्या पाणवठ्याचा, आणि मी तो एका दमात वाचला. पर्यवेक्षकांना माझ्या मिटलेल्या तोंडाचा संशय आला. त्यांनी मला उभं केलं, तोंड उघडायला लावलं, तो दोऱ्याचा तुकडा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, त्यावर काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि परत दिला. मी ओला दोरा परत घेतला तेव्हा सगळा हॉल हसला. मी पास झालो. वर्तमानपत्रात माझा नंबर पाहून वडिलांनी तो नंबर इंग्रजीत छापलेला नसतानाही मला वाचून दाखवायला लावला, तीनदा.

आणि मी काकाजींना विसरलो. हे सांगताना जीभ अडते, पण लिहायचं ठरवलं तर खरंच लिहिलं पाहिजे. परीक्षेपर्यंत वीस फर्मे झाले होते. उरलेले दोन मी ट्रंकेत घालून उमरेडला आणले होते, सुट्टीत वाचीन म्हणून. आणि आल्यावर त्यांना हात लावला नाही. आता लागत नव्हते ना. आधीच्या सगळ्या पोरांनी जे केलं तेच मीही केलं असतं. पण एके दिवशी आईने ट्रंक उन्हात घातली आणि ते दोन फर्मे हातात घेऊन विचारलं, हे कोणाचं राहिलं रे? मागाच्या खटखटीत बसून मी ते त्याच दिवशी वाचून काढले. डिक्शनरी नव्हती आणि तिची आठवणही झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. तो शेवट असा.

पूल पूर्ण होतो. उद्‌घाटनाला बँड वाजतो. सगळं गाव पुलावरून चालत जातं, आणि नावाडी सकाळपासून घाटावर उभा राहतो, एकही उतारू येत नाही. संध्याकाळी तो एकटाच नाव सोडतो. दुसऱ्या दिवशी नाव सापडते, रिकामी.

मी पहिल्या एसटीने नागपूरला गेलो. सुट्टीचे दिवस, कॉलेजात चिटपाखरू नाही. काकाजी होते. मला पाहून ते उठून उभे राहिले, कधी नव्हे ते. फर्मे घेतले नाहीत. आधी स्वतः नळावर जाऊन हात धुऊन आले, खळीचं भांडं झाकलं, सुई उशीला टोचून ठेवली, आणि धुवट टोपी घालून, मांडी घालून समोर बसले, पोथी ऐकायला बसतात तसे. चाळीस पुस्तकांत पहिल्यांदा त्यांच्याकडे शेवट चालून आला होता. मी एकविसावा फर्मा सांगितला. बाविसावा सुरू केला. बँड वाजला, लोक पुलावरून गेले. काकाजी पुढे वाकले होते. त्यांनी विचारलं, "अन् त्याचं काय केलं त्यायनं?"

मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं की त्याला पुलाच्या नाक्यावर नोकरी दिली.

"टेंपररी?" काकाजींनी विचारलं.

ते स्वतः अठरा वर्षं टेंपररी होते. दर उन्हाळ्यात एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवी ऑर्डर. त्या वर्षीची अजून आलेली नव्हती, म्हणूनच ते सुट्टीतही येऊन बसत होते. हे मला माहीत होतं.

"पर्मनंट," मी म्हणालो.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नाव कोणी घेतली, नाक्यावर बसायला खुर्ची होती का, काही नाही. हात धुऊन ये असंही म्हणाले नाहीत. फर्मे उचलले, आधीच्या विसांवर नीट बसवले आणि माझ्यासमोर शेवटची शिवण घातली. गाठ मारून दोरा तोडताना म्हणाले, "चांगलं झालं. इतकी वर्सं मले त्याचीच काळजी होती." मग पूर्ण झालेलं पुस्तक त्यांनी माझ्या दोन्ही हातांत ठेवलं, बघ म्हणाले, एवढं वाचलं तू. खरोखरच जाड होतं.

त्यानंतर माझी तीन वर्षं त्याच कॉलेजात गेली. दुसरी कितीतरी पुस्तकं मी त्यांच्यापुढे शेवटपर्यंत नेली, आणि त्यांतला एकही शेवट बदलला नाही. कडू असेल तर कडू सांगितला. ते ऐकून घ्यायचे, कधी आठ आठ दिवस बोलायचे नाहीत, कधी एखाद्या मेलेल्या पात्राबद्दल ग्रंथपालांशी हळहळायचे. म्हणजे त्यांना सोसत नव्हतं असं नाही. त्या एका दिवशी मलाच सोसलं नाही. तेवढा एक खोटा शेवट मात्र तसाच राहिला, आणि जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं. मग नोकरी लागली, रामदासपेठेत ऑफिस, इंग्रजी फायली. रोज ठरवायचं, आज जाऊन सांगू. कोणी म्हणेल, एका कादंबरीतल्या नावाड्याचं एवढं काय? पण पानावर आहे तेच सांगायचं, यापलीकडे त्या माणसानं माझ्याकडून कधी काही मागितलं नव्हतं.

सात-आठ वर्षांनी एकदा मन घट्ट करून गेलो. व्हरांड्याचे टिन बदलले होते, खळीचा वास तोच. काकाजींचे केस पांढरे झाले होते. त्यांच्यासमोर एक मुलगी बसली होती, खेड्यातून आलेली असावी, दोन वेण्या, ओठांत दोऱ्याचा तुकडा. तेच पुस्तक त्यांनी पुन्हा उसवलं होतं आणि फर्मे ओळीने मांडले होते. पोरीचा धीर सुटला असावा, कारण ती मान खाली घालून होती आणि काकाजी तिला समजावत होते. मी खांबाआड थांबलो.

"वाच वं बाई, वाचत जाय," ते म्हणत होते. "मधात त्याचे लय हाल होतेत, मले माहीत हाय. पन तू घाबरू नको. शेवट चांगला हाय या पुस्तकाचा."

मुलीने डोळे पुसले, नळावर हात धुतले आणि फर्मा घेतला. मी तसाच मागे फिरलो. पुढे चौकशी केली तेव्हा काकाजी कॉलेज सोडून गेल्याचं कळलं, कुठे ते कोणाला सांगता आलं नाही. त्या मुलीचं नावही मला ठाऊक नाही. कधी कधी ऑफिसात एखादं लांबलचक इंग्रजी टिपण वाचून संपवतो आणि तिची आठवण येते. चिकाटीची दिसत होती. बाविसाव्या फर्म्यापर्यंत गेली असेल. तिथे पोचल्यावर, टोपी घालून समोर बसलेल्या काकाजींना तिनं काय सांगितलं असेल?